दादीने भरलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. सध्या अंगणात पालथी पडले आहे आणि शेजारचा कोंबडा माझ्यावर चढून आरवतो. पण एके काळी माझ्या पोटात समुद्र होता, तोही या नंदुरबारात. खोटं बोलत असेन तर मला तडा जावो. एक तडा आहे, पण तो दुसऱ्या कारणाने गेला.

मी जन्मले वाहिदभाईंच्या काचेच्या दुकानात. त्यांनी काच कापायचा हिरा नुसता उचलला तरी काच भीतीनेच सरळ दुभंगे. त्यांच्या लेकीने, आफशीनने, वर्षभर वहीत माझी मापं काढली होती.

"पोरी, लोक घर बांधतानाही एवढा विचार करत नाहीत," वाहिदभाई म्हणाले.

"घरात माणसं राहतात, अब्बा. माणसं कुठेही राहतात."

मग पंप आला, निळा दिवा आला, खारेपणा मोजायची नळी आली. सुरतेहून दगड आले. पाणी माशांजोगं व्हावं म्हणून महिनाभर आफशीन त्या दगडांनाच समुद्री मिठाचं पाणी पाजत बसली. शेजारच्या तुळशीबाई डोकावून म्हणाल्या, "मासा आजून घर उना नही, आनि तुम्ही आतेपासूनच मीठ लाई ऱ्हायनात?"

शेवटी जांभळी प्रवाळं आली आणि नारिंगी जोकर-माशांची एक जोडी. त्यांना बघायला इतकी माणसं जमली की प्रकाशा गावची जत्रा त्या वर्षी ओस पडली, असं मी तरी ऐकलं.

मे महिन्यात आफशीनला परीक्षेसाठी बारा दिवस नाशिकला जावं लागलं. तिने दादीचा हात धरला. "दादी, यांना तुझ्या भरवशावर सोडतेय. पाणी या रेघेखाली जाऊ देऊ नकोस. कॅन भरून ठेवलेत."

दादी म्हणजे अख्तरबानो. चाळीस वर्षं लोणची घालणारी बाई. तिची बरणी कधी नासली नव्हती. "जा बेटा," ती म्हणाली, "जीव गेला तरी रेघ सोडणार नाही."

कॅन दोन होते. एकात साधं गाळलेलं पाणी, एकात खारं. कोणतं कधी घालायचं, हे आफशीनने सांगितलं नाही. तिला ते इतकं पाठ होतं की सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

तो उन्हाळा असा, की सावलीसुद्धा दुसऱ्या सावलीत जाऊन बसे. माझ्यावर पंखा चालू. रोज पाणी चार बोटं उतरे. मित्रांनो, पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. मला ते अंगात कळत होतं. दादीला मात्र बरणीचा नियम ठाऊक होता.

"खार उतरला की खारच ओतायचा," ती तुळशीबाईंना सांगे. "साधं पाणी घातलं की नासलंच."

पाचव्या दिवशी खारा कॅन संपला. दादीने मिठाची पिशवी फोडली आणि कैरीच्या लोणच्याच्या मापाने पाणी कालवलं. प्रवाळं आधी मिटली, मग पांढरी पडली. मासे तळाशी जाऊन धापा टाकू लागले. दादी घाबरली, दिवसातून तीनदा येऊन रेघ बघू लागली. रेघ बरोबर होती. दहाव्या दिवशी एक मासा गेला, अकराव्या दिवशी दुसरा.

आफशीन आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. नळीतून एकदा पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"म्हातारे होते ते, दादी," ती म्हणाली.

"खोटं बोलताना तू छताकडे बघतेस. तुझा बापही तसाच बघतो. माझं काय चुकलं ते सांग."

उडालेल्या पाण्याच्या जागी साधंच पाणी घालायचं होतं, हे आफशीनने सांगितलं. दादीने माझ्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"चाळीस वर्षांत न चाखता एकही बरणी बंद केली नाही," ती म्हणाली. "हे चाखलं नाही. माशांचं पाणी म्हणून किळस वाटली."

"मीच सांगायला हवं होतं, दादी."

"हो," दादी म्हणाली. "हवं होतं."

दोघींनी मिळून मला रिकामं केलं, तेव्हा उंबऱ्याला आपटून मला तडा गेला. पाणी जिथे ओतलं तिथे अजून गवत उगवत नाही. दादीने लोणची घालणं त्याच वर्षी सोडलं.

मित्रांनो, एखादा जीव दुसऱ्याच्या हाती सोपवाल तेव्हा काय करायचं ते सांगाच, पण का करायचं तेही सांगा. आणि कुणाचा जीव हाती घ्याल, तर विचारायला लाजू नका. माशाला ओरडता येत नाही, आणि काचेला तर नाहीच नाही.