नलूबाईंचा संभार

नलूबाईंकडून संभाराचं प्रमाण काढून घ्यायचं म्हणजे बँकेची तिजोरी फोडणं परवडलं. पाठारे प्रभूंच्या, म्हणजे परभी घरात संभार म्हणजे नुसता मसाला नव्हे, इभ्रत असते. उन्हाळा लागला की बाई गिरगावातून लालबागला जायच्या. मिरच्या एका दुकानातून, धणे दुसऱ्यातून, हिंग तिसऱ्याच ठिकाणाहून. कुणा एकाला अंदाज लागता कामा नये. डंकावर मसाला कुटला जाईपर्यंत पदर खोचून पहारा. डंकवाला गणपत एकदा म्हणाला, "बाई, डोळ्यांना पट्टी बांधू का?" बाई म्हणाल्या, "बांध."

दादरची धाकटी जाऊ सुनेत्रा वर्षानुवर्षं गोड बोलून थकली. नलूबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. सून देविकाने लग्न झाल्या वर्षी भीतभीत विचारलं होतं. "वेळ आली की सांगेन," एवढंच उत्तर मिळालं. त्या पोरीने पुन्हा विषय काढला नाही.

आणि एवढ्या कडेकोट बाईने काय करावं? हल्ली विसरायला होतं म्हणून सगळं प्रमाण फोनमधल्या स्वयंपाकाच्या अ‍ॅपमध्ये लिहून ठेवलं! ऐन चैत्रात ते अ‍ॅप उघडेना. हिंग किती, गहू किती, काही आठवेना. आईने दार लावून कानात सांगितलेलं प्रमाण आपल्याबरोबरच संपणार, या विचाराने बाईंना जेवण जाईना.

"सपोर्टला लॉग पाठवू," मुलगा विक्रांत म्हणाला. तो आयटीतला, म्हणजे घरात त्याचा शब्द शेवटचा. "अ‍ॅपमध्ये काय काय झालं, त्याची सगळी नोंद असते त्यात."

सपोर्टने बजावलं होतं, खासगी माहिती आधी काढून टाका. नलूबाई चष्मा लावून बसल्या. पत्ता काढ. फोन नंबर काढ. जन्मतारीख तर सगळ्यात आधी काढ, मेल्या. पुढे पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं आणि आकडे. बाईंचे डोळे दुखायला लागले.

"ते मशीनचं बडबडणं आहे, कोण वाचतंय?" असं म्हणून विक्रांतने लॉग पाठवूनही दिला. तोही कंपनीच्या खुल्या मदत-पानावर. का, तर तिथे उत्तर लवकर येतं.

उत्तर खरंच लवकर आलं. 'आपली नोंद लॉगमध्ये सुखरूप सापडली. आपल्या सोयीसाठी खाली देत आहोत.' आणि खाली संभार, हिंगासकट, सगळ्या जगाला दिसेल असा. त्याखाली लोकांनी आवडल्याचे लाल बदाम टाकलेले. मेलबर्नच्या कुणा बाईने विचारलं होतं, गहू भाजून घ्यायचे का? सपोर्टवाल्याने उत्तरही दिलं होतं, हो, खमंग.

बाई अजून वाचतच होत्या, तेवढ्यात सुनेत्राचा फोन आला. "वहिनी, गहू एवढे? मला वाटलंच होतं."

विक्रांत म्हणाला, डिलीट करतो. केलंही. पण तोवर ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरून आलं होतं. नलूबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. नाव गेलं ते गेलंच, पण आईला तोंड काय दाखवणार, असं त्यांना वाटलं. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी वाटलं.

देविकाने चहा आणून ठेवला.

"तूही वाचलं असशील," नलूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. "सुटलीस एकदाची."

"नाही वाचलं, आई. विक्रांत दाखवत होता, मी नको म्हटलं. तुम्ही सांगणार होतात ना."

मेलबर्नच्या त्या बाईला ठाऊक, सुनेत्राला ठाऊक, त्या सपोर्टवाल्या पोरालाही ठाऊक. जिला सांगायचं होतं, तीच एवढी वर्षं दाराबाहेर उभी. नलूबाईंना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. चहा तसाच राहिला.

"तुझा फोन बाहेर ठेवून ये," त्या म्हणाल्या.

देविका फोन ठेवून आली. बाईंनी दार लावून घेतलं, कडी घातली. मग स्वतःचा फोन तांदळाच्या डब्यात खुपसून वर झाकण घट्ट बसवलं.

"बस इथे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी गहू."