काचेमागे काही नाही

माझं काम संपलंय, एवढंसुद्धा मला सांगावंसं तुमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. मी प्राओर्सो गावचा सूचनाफलक बोलतोय.

उलिस्से सुताराने मला चेस्टनटच्या लाकडातून घडवलं, काचेचं दार लावलं आणि चर्चसमोरच्या भिंतीवर ठोकलं. पाणी कधी बंद राहणार, गुरं डोंगरावर कधी चढवायची, कोणाचं लग्न, कोणाचा मृत्यू, सगळं आधी माझ्यावर लागायचं. पाव घेऊन परतताना लोक काचेला नाक लावून वाचत. "कागद लागल्याशिवाय आपल्याकडे कोणी मरत नाही," म्हणून हसत.

मग दरीतल्या पाच गावांची मिळून एक नगरपालिका झाली. प्राओर्सोनेही होकार दिला. रस्त्यावरचा बर्फ वेळेवर निघेल, असं आश्वासन होतं. गावचा चिटणीस खाली दरीतल्या नव्या कचेरीत गेला, जाताना माझी किल्लीही घेऊन गेला. त्यानंतर माझ्यावर एकही कागद लागला नाही.

लोक मात्र रोज थांबतच राहिले. रिकामी काच बघायची आणि निश्चिंत घरी जायचं. सुरुवातीला मला ओरडावंसं वाटे. आता काही वाटत नाही.

मार्चमध्ये खालून एक तरुण कारकून दफनभूमी मोजायला आला. एर्सिलिया तोन्यीने त्याला माझ्यासमोरच गाठलं. तिचा नवरा तिथे पुरलेला आहे; शेजारची जागा तिला स्वतःसाठी हवी होती.

"इथे आता कोणाला पुरणार नाहीत, काकू. यापुढे सगळं खाली."

"आणि माझा अत्तिलिओ?"

"ते राहतील. नवीन कोणी नाही. हरकत घ्यायला तीस दिवस दिले होते."

"अरे, मी रोज बघते इथे! काही लागलं नव्हतं."

"सूचना आता खालीच लागतात."

"मग हे तरी सांगायचं!"

"सांगितलं ना. खाली लावलं होतं."

कारकुनाने टेप गुंडाळली.

माझं एवढंच मागणं आहे: मला वापरा, नाहीतर उतरवा. माझ्या रिकामेपणावर लोक विश्वास ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एर्सिलिया पुन्हा आली. काचेवर तळहात टेकवून उभी राहिली. दुधाची बरणी घेऊन चाललेला म्हातारा सिल्विओ थबकला.

"काही लागलंय का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"मग बरंय," तो म्हणाला. "उगाच घाबरलो."