गरम वाऱ्याची वाटणी

मे महिन्यातल्या त्या दुपारी ज्ञानेश्वरीचं क्रीम तिसऱ्यांदाही चढलं नाही. पातळ ताकासारखं भांड्यात हेलकावत राहिलं.

तिसगावच्या तिच्या छोट्या खोलीत साखरपुड्याचा तीनमजली केक उघडावाघडा बसला होता. न्यायला पाथर्डीहून पाचला गाडी येणार होती. वाढदिवसाचे, बारशाचे केक ती दोन वर्षं करत होती. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. हा केक बिघडला तर तालुक्यात पुन्हा कुणी तिचं नाव काढणार नव्हतं. आणि एसी नुसता कोमट वारा सोडत होता. दहा मिनिटं घुमायचा, मग गच्चीवरचं त्याचं यंत्र धाप लागल्यासारखं गप्प व्हायचं.

गच्चीवरून थोरल्या जावेचा, रतनबाईचा आवाज येत होता. कुरडया घालताना तिला ओवी सुचायची, आणि ओवीत हल्ली एकच माणूस असायचं.

*धाकल्या जावंच्या गं, घरात पडे हीव*
*माझ्या गच्चीवरी बाई, झळांत जळे जीव*

ज्ञानेश्वरी खिडकीशी गेली, तोंड वर केलं.

*थोरलीची जीभ गं, बाभळीचा काटा*
*वाऱ्याच्या झुळकीत, मागतीया वाटा*

वर बादली आपटली.

घराची वाटणी झाली तेव्हापासूनचा हा अबोला. घर मधोमध चिरलं, जिना सामाईक राहिला, गच्चीवर चुन्याची रेघ आली. एसीचं बाहेरचं यंत्र आधीच बसवलेलं होतं, ते रतनबाईच्या अर्ध्यात गेलं. अबोल्यात ओवी चालते, बोलणं चालत नाही.

दोन वाजता तौफिक आला. बाजारतळाजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने एसीचं तोंड उघडून आतली जाळी काढली. जाळी लख्ख.

"दर पंधरा दिवसांनी धुते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "नळाखाली, जुन्या ब्रशनं. तूच शिकवलंस."

"अन् वरचं?"

"वरचं म्हंजे?"

"गच्चीवरचं, ताई. त्यालाबी धुवावं लागतं. कधी धुतलं?"

आपल्या घरातलं अर्धं यंत्र ज्ञानेश्वरीनं पोटच्या पोरासारखं जपलं होतं. उरलेलं अर्धं रेघेच्या पलीकडं होतं, आणि रेघ ओलांडायची नाही म्हणून तिनं दोन वर्षं तिकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

ती तौफिकच्या मागोमाग वर गेली. गच्चीवर तंबू उभा होता. यंत्रासमोर बाज, बाजेवर पांढऱ्या धोतरावर कुरडयांची चांदणी; आणि यंत्रासकट बाजेला चारी बाजूंनी जुन्या लुगड्यांचा कनातीसारखा आडोसा. यंत्राच्या पाठीलासुद्धा लुगडं. तीन दिवस वळवाचं आभाळ होतं, ऊन पडत नव्हतं. पण लेकीच्या, अश्विनीच्या, रुखवतात कुरडया पांढऱ्याशुभ्र आणि अखंड हव्या होत्या. म्हणून रतनबाईनं झळ कोंडून ठेवली होती.

तौफिकला हसू आवरेना. "मावशी, ह्यो तर चुलाच झाला! गरम हवा भाईर जायची, ती फिरून परत त्याच्याच नाकात. जीव गुदमरतो मशिनीचा. अन् मागची जाळी बघा, धुळीची गोधडी बसलीय."

"मग?" रतनबाईनं पदर खोचला. "तिचा गारवा तिच्या घरात, अन् गरम वारा माझ्या अंगनात. माझ्या अर्ध्यात आलेल्या वाऱ्याचं मी काय बी करंन."

"झळांनी जीव जळतो म्हणून गात होती ती कोण?" ज्ञानेश्वरी रेघेवरून म्हणाली. दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"बोलली का! मला वाटलं मुकी झाली."

"पाचला माझी गाडी आहे. काढा ही लुगडी."

"लुगडी काढते. बाज न्हाई हालायची. वल्ल्या हायेत, धक्क्यानं मोडत्यात."

"बाज हलवल्याबिगर मला पाणी मारता येनार न्हाई," तौफिक म्हणाला. "चला मावशी, एक बाजू मी धरतो."

"तू लांब हो! हाताला तेल हाय तुझ्या, धोतराला लागंल."

खाली केक, वर कुरडया, आणि बाज उचलायला चार हात. ज्ञानेश्वरीनं चप्पल काढली आणि रेघ ओलांडली.

"सरळ धर, आडदांडे."

"तुम्ही पुढं बघा. माझ्या पायावर पाय देताय."

"एक मोडली तर तुझ्या केकात भिजवून खायला घालीन."

"चव तरी येईल तुमच्या कुरडईला."

पाऊल पाऊल टाकत, एकमेकींच्या माहेराचा उद्धार करत, पाळणा न्यावा तशी त्यांनी बाज ज्ञानेश्वरीच्या अर्ध्यात नेऊन ठेवली. रतनबाईनं वाकून एकेक कुरडई पाहिली. एकही मोडली नव्हती. तसं ती म्हणाली मात्र नाही.

तौफिकनं वीज बंद केली, पाइप लावला. यंत्राच्या पाठीतून दोन वर्षांची माती चहासारखी वाहत रेघेवरून गेली.

तीनच्या पुढं खोली गार झाली. क्रीम चढलं, कालथ्याला धरून उभं राहिलं. ज्ञानेश्वरीनं मान वर न करता तिन्ही थर लिंपले, कडेला मोगऱ्याच्या कळ्या काढल्या. पाचला गाडी आली आणि केक गेला.

तौफिक अवजारं आवरत होता. "ताई, दर उन्हाळ्यात वरचं धुवून घ्या."

"दर उन्हाळ्यात मी तिच्या दारात जायचं? त्यापेक्षा उद्या ते काढ. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लाव."

"भट्टी व्हईल तिथं. चपात्या कशा लाटनार?"

"घाम पुसत लाटीन. माझा वारा माझ्या अंगावर. धुवायला कुणाची परवानगी नको."

जिन्याच्या वरच्या पायरीवरून रतनबाई ओरडली, "घेऊन जा, घेऊन जा! सुटली माझी गच्ची!"

मग दोन पायऱ्या उतरून, आवाज थोडा खाली आणत, "अन् उरलेल्या चिकाचा घाना घालायचाय अजून. आभाळ हे असं. त्या कुरडया कशावर वाळवू गं मी?"

"ते तुम्ही बघा, जाऊबाई," ज्ञानेश्वरी भांडी घासता घासता म्हणाली. "तुमच्या अर्ध्यातलं आभाळ तुमचं."