यमुनेवरचे बगळे

दोन ताटल्या एकदमच समोर आल्या आणि सोजराबाई गोंधळली.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. शालिग्रामने आधी जेवावं, तिच्यापुरतं ताटात राखून उठावं, मग त्याच ताटावर तिने बसावं, ही घरची रीत. जत्रेतही तेच. पण मेहकरच्या या नव्या हॉटेलात टेबलाच्या अल्याड एक ताटली, पल्याड एक. आता तिचं ताट कोणतं?

हॉटेल हिंमतरावाचं. मुंबईत सहा वर्षं उडप्याच्या भट्टीपाशी राबून, महाराष्ट्र झाला त्या साली तो गावी परतला होता. बाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलं होतं : झुणका डोसा.

"डोसा तिकडला, झुणका इकडला," तो कौतुकाने म्हणाला. "खाऊन तं पाहा, भाऊ."

शालिग्रामने डोशाची कड उचलून पाहिली. "भाकर हाये का धिरडं?"

"दोन्ही नाही."

"मंग मोडू का गुंडाळू?"

"जसं जमन तसं!"

समोरच्या मैदानावरून घंटा वाजली. नाटक कंपनीच्या कनातीत पहिली घंटा झाली होती आणि सोजराबाईचा जीव तिकडे धावला.

नाटकाचा हट्ट तिचाच. का, ते मात्र तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मागच्या बाजारात वांग्यांचा ढीग लावता लावता ती जात्यावरची ओवी गुणगुणत होती. कंपनीतली शैलजाबाई भाजी घ्यायला आली आणि वांगी विसरून पुढ्यातच बसली. ओवी तीनदा म्हणायला लावली, कागदावर उतरवली आणि जाताना म्हणाली, "शनिवारी पडदा उघडला की पहिलं हेच म्हणेन. नक्की या."

'तू बाजारात गाऊन राह्यली होती?' असं नवऱ्याने विचारलं असतं, तर काय सांगणार होती ती? पण चार दिवस पाटीत हात घातला की वांग्यांबरोबर तीच ओवी वर यायची. आपले शब्द रंगमंचावर जाऊन कसे दिसतील? लुगडं नेसून जातील, की शालू?

शालिग्राम मात्र घास घास पारखत होता. झुणका ओळखीचा लागला की मान हलवायचा. सांबार लागलं की थांबायचा.

"तू काऊन खाऊन नाही राह्यली?"

"तुमचं होऊ द्या."

"मंग ही दुसरी ताटली कोनाची?"

तिलाही तेच कळत नव्हतं. हिंमतराव धावत आला. "वहिनी, कच्चा राह्यला का?"

"नाही हो भाऊ. चांगला दिसते."

"दिसते म्हंजे? खाऊन सांगा ना!"

दुसरी घंटा झाली. शालिग्रामने निम्मा डोसा नेमाने बाजूला सारला, तिच्यासाठी. आणि उरलेला निम्मा पुन्हा सावकाश मोडू लागला. सोजराबाईने एकदा कनातीकडे पाहिलं, एकदा त्याच्या बोटांकडे. तो जेवतच होता. तिने त्याच्या ताटलीत हात घातला.

शालिग्रामचा घास हातातच राहिला. "अवं..."

"खा लवकर!" ती भरल्या तोंडाने म्हणाली.

दोघांची बोटं एकाच झुणक्यात शिरली. बारा वर्षांत पहिल्यांदा. दुसरा डोसा हिंमतरावाने पळसाच्या पानात बांधून दिला आणि दोघं मैदान तुडवत निघाली. वाटेतच तिसरी घंटा झाली.

दारवाल्याने हात आडवा केला. "पहिलं गाणं संपल्याबिगर आत सोडत नाही."

सोजराबाईचे पाय तिथेच रुतले. आत पेटी सुरू झाली आणि कापडापलीकडून शैलजाबाईचा गळा आला :

यमुनेच्या तीरावरी बगळ्यांची रांग,
माझ्या माहेराला आता खुशाली तू सांग.

तिने कान टवकारले. आपल्या ओवीत तर लोणारचं तळं होतं. ही यमुना कुठून आली? चाल तर ओळखू येईना, नुसती आळोखेपिळोखे देत होती. आपली ओवी पुढे येणार असेल का? की बाईने ती टाकूनच दिली?

"हे तं तुह्यं हाये," शालिग्राम एकदम म्हणाला.

ती दचकली. "तुमाले काय ठाव?"

"बारा वर्षं झाले, पहाटे बाजेवर पडून ऐकून राह्यलो ना!"

तिला हसावं की लाजावं कळेना. "पन हे यमुनेचं हाये."

"अवं, बगळे तं आपलेच हायेत!"

आत शैलजाबाईने ओळ पुन्हा घेतली. माझ्या माहेराला आता... आणि ती दम घ्यायला थांबली. जात्याच्या खुंट्यावर हात बदलतो, तिथे सोजराबाईच्या ओवीत एक 'बाई' असे.

"बाई," सोजराबाई बाहेरून म्हणून गेली. चांगलं मोठ्यांदा.

दारवाला ओरडला, "ओ बाई! गाणं आत चालू हाये!"

"त्यातलंच राह्यलं होतं," शालिग्राम त्याला म्हणाला, आणि पानातला डोसा उघडून आधी तिच्यापुढे धरला.