दहा प्रार्थनांत शिजलेले पापलेट

मित्रांनो, मी एक जुनी तवली आहे. मातीची, पसरट, बुडाशी काळी. काळी म्हणून नाक मुरडू नका. तो रंग मी पंधरा वर्षे चुलीवर बसून कमावला आहे.

कुंभाराने मला चाकावर घडवले, भट्टीत भाजले आणि बाजारात मांडले. सांडोर गावच्या जुलियानाबाईने मला बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाली, "ही खणखणीत बोलते. हीच घेते." घरी नेऊन तिने आधी माझ्यात तांदळाची पेज उकळली, म्हणजे माझी माती घट्ट झाली. मग रोज लाल कालवण, वर बोटभर तेलाचा तवंग. पाहुणे म्हणत, "जुलियानाबाईच्या हाताला चव आहे." हाताला म्हणे. माझे नाव एकानेही घेतले नाही.

पुढे घरात हिंडालियमचा टोप आला. चकचकीत, हलका, आणि अक्कलही तेवढीच हलकी. मला मागल्या दारी केळीखाली ठेवले. तीन वर्षे कोंबड्या माझ्यात पाणी प्यायल्या, आणि मी त्यांचे नखरे सोसले.

एकोणऐंशी साली घरधनी बॅप्टिस्टबाबा छातीचे दुखणे काढून इस्पितळातून घरी आले. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केले होते आणि ताकद येईल असे खायला सांगितले होते. पण बाबा बिनतेलाचे काही तोंडात घेईनात. चार दिवस पेजेचे दोन घोट घेत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. उठून बसण्याइतकाही जोर उरला नाही. आळीभर कोणाचे न ऐकणारी जुलियानाबाई मागल्या दाराशी येऊन डोळे पुसताना मी पाहिली.

तेव्हा तिची सून रिटा, वटार गावची मुलगी, हिने मला उचलले. राखेने घासले, उन्हात वाळवले.

"आय, टोपात भसकन तापतं. तवलीत मासा सावकाश वाफेल."

"तेल नाही, मसाला नाही. माशाला शिजवणार आहेस की बाप्तिस्मा देणार आहेस?"

रिटा हसली आणि कामाला लागली. माझ्या तळाशी तिने केळीच्या पानाचे दांडे आडवे-उभे रचले. खाली वाटीभर पाणी आणि गवती चहा. वर केळीचे पान. त्यावर पापलेटच्या पातळ तुकड्या, कोथिंबीर, पुदिना, आले आणि लसणीचे हिरवे वाटण, थोडे लिंबू, आणि झाकण. तेलाचा थेंब नाही. बिनतेलाचा मासा मी आयुष्यात शिजवला नव्हता.

या घरात घड्याळ बघून कोणी रांधत नाही. रोझरीच्या माळेतले एक रहस्य, म्हणजे दहा वेळा 'नमो मारिया', म्हटले की पातळ तुकडी शिजते. तेवढे सांगून रिटा गाईकडे गेली. जुलियानाबाई माळ घेऊन चुलीशी बसली. दहा झाले. पण नवऱ्यासाठी मागणे मागायचे आणि एका रहस्यावर उठायचे, हे तिच्या मनाला पटेना. तिने पाचही रहस्ये म्हटली. पाणी आटले, पान करपले, माशाचा भुगा झाला. बाबांनी वासावरच तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी पाचूबंदरची कमळी कोळीण एकच पापलेट घेऊन आली. "बाबासाठी लपवून आनलाय. लिलावात कोनाला दाखवला पन नाय. हा पन करपवशील तर मी पुन्ना पायरी चढनार नाय."

"तू नाही चढलीस तर पायरी धुवायला तरी कमी लागेल," जुलियानाबाई म्हणाली. पण मासा तिने दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी मी पुन्हा चुलीवर बसले. रिटा हळूच म्हणाली, "आय, बाबांसाठी मागायचं ते जेवल्यावर मागा. माशाला एकच रहस्य."

"देवाशी किती बोलायचं ते आता सून शिकवणार."

तरी ती बसली. सात, आठ, नऊ, दहा. तिचे ओठ पुढे निघालेच होते. तिने पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि मला उतरवले.

मित्रांनो, झाकण निघाले आणि मी स्वतःच थक्क झाले. माझ्या काळ्या पोटात पापलेट मोगऱ्यासारखे पांढरे फुलले होते. हिरवा, लिंबाचा, पुदिन्याचा वास खोलीभर गेला. इतकी वर्षे मी समजत होते की तेल म्हणजेच चव. नुसते पाणी आणि परसातला पाला एवढे करू शकतात, हे मला ठाऊकच नव्हते.

बाबांनी मान वळवली. "आज तेल विसरलीस?"

"विसरले. तुम्हीही विसरा आणि जेवा."

त्यांनी एक घास घेतला. जुलियानाबाई श्वास धरून उभी. दुसरा घास घेतला. मग ताटात काट्यांची रास पडली आणि बाबा उशीला टेकून उठून बसले. तिने माळ उचलली, उरलेली चार रहस्ये सुरू केली, आणि तिच्या अर्ध्या प्रार्थनेला उरलेली अर्धी बाबांनी जोडली. आवाज बारीक होता, पण शेवटपर्यंत टिकला.

तेव्हापासून माझी जागा चुलीवरच आहे. तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर तिला साबण लावू नका, आम्ही तो पितो आणि मग कालवणाला फेस येतो. राखेने घासा, उन्हात वाळवा, कोंबड्यांना देऊ नका. आणि घरात कोणी आजारी माणूस ताटाकडे पाठ करून पडला, तर त्याच्यावर चिडू नका. आधी ताटात काय वाढले आहे ते बघा.