पुढच्या चाकाची पूजा

“गो विजू, ह्याच्यावर चढायला शिडी आणायची काय?” सावित्रीबाई म्हणाल्या आणि शोरूममधले सगळे हसले.

त्यांची लेक विजयश्री चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिची नवी मोटारसायकल दारात उभी होती. हजार सीसीच्या वरची, उंच, पुढून चोच काढलेली. पण चाकं डांबरी रस्त्याची. लांबच्या प्रवासासाठीच केलेली गाडी. आईला मागे बसवून ताम्हिणी घाटाने माणगावला, घरी जायचं, तेही आजच, असं विजयश्रीने ठरवलं होतं.

चिंचवडच्या या शोरूममध्ये झाडलोट, चहापाणी आणि गाडी देतानाची पूजा माझ्याकडे असते. पहाटे मोरया गोसावींच्या समाधीला जाऊन आल्याशिवाय मी पाणीही घेत नाही, म्हणून असेल, पण पूजेचं काम मला मिळालं तेव्हा मला ते देवानेच दिल्यासारखं वाटलं. हायवेच्या वाऱ्यावर कुंकू उडून जातं. त्या दिवशी मी ते तिळाच्या तेलात कालवलं. टाकीवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली. एरवी मी टायरला बोटं लावते. पण या गाडीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चकचकीत पोलादी चकत्या होत्या, देवघरातल्या ताम्हनासारख्या. काळ्या रबरावर कुंकू दिसतं तरी कुठे? मी दोन्ही चकत्यांवर पाच-पाच बोटं ओढली. छान दिसलं. सावित्रीबाईंनी हात जोडले.

“चला, किल्ली द्या,” मॅनेजर मिनल मॅडम म्हणाल्या. “साडेदहाच्या आत, मुहूर्तावर बाहेर पडायचंय ना तुम्हाला?”

“थांबा,” उद्धवराव पुढे आले. “एक फेरी मारून आणतो.”

उद्धवराव चिखलीचे, साठीचे. गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधीची शेवटची तपासणी त्यांची. बावीस वर्षांत त्यांनी सोडलेली एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नव्हती. आता ते वर्षाच्या करारावर होते, आणि करार त्याच महिन्यात संपत होता.

“उद्धवराव, काल तर सही केलीत तुम्ही.”

“सही काल केली, मॅडम. गाडी आज चालली हाय.”

ते सर्व्हिस रोडने गेले आणि पाच मिनिटांत आले. येताना दोन्ही पाय जमिनीला घासत आले. गाडी दारातल्या कुंडीच्या वीतभर अलीकडे थांबली. ते उतरले, पुढच्या चाकाशी वाकले, चकतीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग त्यांनी माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

तेव्हा मला कळलं. ती चकती म्हणजे ब्रेक होता.

“मॅडम, माझ्याच हातनं पुढच्या ब्रेकला तेल लागलं,” उद्धवराव म्हणाले. “ब्रेकपॅड बदलावे लागतील. पाऊण तास.”

“तुमच्या हातून?” मॅडमचा आवाज चढला. “गिऱ्हाइकासमोर? मला मेमो द्यावा लागेल, उद्धवराव. आणि कराराचं वरचे विचारतील तेव्हा मी काय सांगू?”

“जे झालं ते सांगा.”

“म्हणजे मुहूर्त टळला,” सावित्रीबाई खुर्चीत बसल्या. विजयश्री हेल्मेट काखेत धरून तशीच उभी राहिली. “काका, आई बसणार होती हो माझ्यामागे. घाट उतरायचा होता.”

“म्हणून तर, पोरी.”

ते गाडी ढकलत वर्कशॉपमध्ये गेले. मी ताट घेऊन भिंतीशी उभी. घरात मिळवती मी एकटी. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण सकाळी ज्याच्यापुढे डोकं टेकते, त्याच्यापुढे उद्या कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

“मॅडम,” मी म्हटलं, “तेल माझं आहे. कुंकवातलं. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं.”

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. सावित्रीबाई उठून माझ्याजवळ आल्या. आता या बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

“बाय माझे,” त्या म्हणाल्या, “मी पण हात जोडलेच की त्या चाकाला. मला तरी कुठे कळलं?”

वर्कशॉपच्या दारातून उद्धवराव चिडून बघत होते. हात काळे, दोन बोटांत जुना पॅड. “काय गरज व्हती, जयमालाताई? मला म्हाताऱ्याला काय करणार व्हते हे? तुमाला अजून धा वर्सं काढायचीत हितं.”

“उद्यापासून पूजा बंद,” मॅडम म्हणाल्या. “नकोच ती भानगड.”

“पूजा कशापायी बंद?” उद्धवराव एकदम म्हणाले. “मानसं पोटाला चिमटा घेऊन गाडी घेत्यात. हात जोडल्याबिगर कशी न्हेतील? ब्रेकचं आमी बघतो. तुमी पूजा बंद करू नका.”

मॅडमनी पूजेचं पुन्हा काढलं नाही. मेमोही लिहिला नाही.

सव्वाअकराला उद्धवरावांनी पुन्हा फेरी मारली. या वेळी दारासमोर येऊन त्यांनी ब्रेक दाबला आणि एवढी मोठी गाडी मान खाली घालून जागच्या जागी थांबली. सावित्रीबाईंना मॅडमनी आणि मी धरून वर बसवलं. “सावकाश गो विजू,” एवढंच ऐकू आलं.

दुपारी माणगावहून फोन आला. घाटात एका वळणावर टेम्पो आडवा आला होता. गाडी थांबली. विजयश्री उद्धवरावांना काका, काका म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “थांबनारच. त्यासाठीच ब्रेक असतोय.” आणि नळाशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मोरयापुढे मी दोन फुलं ठेवली. कुणाच्या नावाने, ते त्याला ठाऊक आहे.

शोरूमला पोचले तर दारात दुसरी गाडी लागलेली. तिच्या पुढच्या दोन्ही चकत्यांवर धुतलेलं पांढरं फडकं नीट गुंडाळून बांधलं होतं. बाजूला आपले जड बूट काढून उद्धवराव तापू लागलेल्या फरशीवर अनवाणी उभे होते, पूजेची वाट बघत.