मी डुफीच्या आधी मोडलो

मित्रांनो, मी कुमासी शहरातल्या एका रुग्णालयातला, पिवळा पडत चाललेला प्लास्टिकचा खुबा आहे. माझ्या मांडीच्या हाडाला बाहेरून बोटभर चीर गेली आहे. ती कशी पडली, ते सांगतो.

मी वाटेल त्याचा खुबा नाही. मी डुफीचा उजवा खुबा आहे. डुफी बंतामा भागात बायकांच्या वेण्या घालायची. दिवसदिवस उभे राहायचे काम. तिला जन्मापासून सिकलसेलचा आजार. रक्त अडून अडून तिच्या खुब्याची गोटी आतून मेली आणि एके दिवशी खचली. सव्विसाव्या वर्षी ती काठी टेकू लागली. सांधा बदलायचे ठरले, तेव्हा तिच्या हाडांचे स्कॅन काढले. सेन्यो नावाच्या तंत्रज्ञ बाईने त्या शेकडो चित्रांतून संगणकावर अख्खे हाड उभे केले आणि मग यंत्राने थरावर थर देत मला घडवले.

जन्मताच भीतीने मला गाठले. सेन्योने माझ्या हाडाच्या पोकळीत सळई घातली. नव्या सांध्याचा दांडा तिथेच बसायचा होता. सळई मध्येच अडली. तिचा चेहरा उतरला.

“आतली वाट बुजलीय, डॉक्टर,” ती म्हणाली.

“अगं, अशी हाडं मी वीस वर्षं उघडतोय,” डॉक्टर त्वुमासी म्हणाले. “हाताला कळतं.”

“हाताला कळेपर्यंत उशीर होतो.”

डुफी आणि तिची आई, मामे पोकुआ, समोरच बसल्या होत्या. आईच्या तोंडचे पाणी पळाले. “डॉक्टरसाहेब, नकोच ते. लंगडी का होईना, डोळ्यांसमोर तर आहे!”

“आई, पाय माझा दुखतो, तुझा नाही,” डुफी म्हणाली. तिने मला मांडीवर घेतले. “डॉक्टर, आधी यावर करून बघा. मोडलं तर हे मोडू दे.”

“प्लास्टिक म्हणजे हाड नव्हे, पोरी.”

“पण आतली वाट तर माझीच ना?”

डॉक्टरांनी मला पकडीत घट्ट आवळले आणि ड्रिल सुरू केले. मित्रांनो, ओरडायला मला तोंड नव्हते. ड्रिल त्या बुजलेल्या जागी पोहोचले, त्याचा आवाज चिरका झाला, ते घसरले, आणि कट्! टोक माझी भिंत फोडून बाहेर आले.

डुफीचा हात आपोआप स्वतःच्या मांडीवर गेला. मामे पोकुआने तोंड झाकून घेतले. डॉक्टरांनी ड्रिल बंद करून बाहेर आलेले टोक बोटाने चाचपले.

“हे तुझं मोडलं असतं,” ते हळूच म्हणाले. “माझ्याच हातानं.”

मग दहा दिवस ते आणि सेन्यो संगणकासमोर बसले. आधी बारीक तार घालायची, दर पावलाला एक्स-रे पाहायचा, दांडाही अरुंद आणि आखूड घ्यायचा, असे ठरले. माझी दोन जुळी भावंडे घडवून त्यांच्यावर तालीम झाली. ती टिकली. तरी शस्त्रक्रियेच्या दिवशी डुफीने टेबलावर डोळे घट्ट मिटून घेतले.

मला पारदर्शक, निर्जंतुक पिशवीत घालून डॉक्टरांच्या नजरेसमोर ठेवले होते. ड्रिलला लावलेली तार आत गेली. मध्येच ड्रिलचा आवाज चिरका झाला. तोच आवाज! मला माझ्या चिरेत कळ आल्यासारखे वाटले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि हात थांबवला. एक्स-रेत तार किंचित बाहेर कलली होती. त्यांनी ती काढली, कोन बदलला, पुन्हा घातली. या वेळी ती सरळ गेली.

बाहेर मामे पोकुआने चार तास पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तिसऱ्या दिवशी डुफी वॉकर धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, रडतेस काय? जा, खायला फुफू घेऊन ये!”

पुढे विद्यार्थ्यांनी मला खूप हाताळले. मग मी कपाटावर धूळ खात पडलो. गेल्या आठवड्यात एकाने माझी चीर बुजवायला गोंद आणला. “बरं दिसेल,” म्हणाला. डॉक्टरांनी बाटली हिसकावून घेतली.

आता डुफीचा डावा खुबा दुखू लागला आहे. काल तिचे नवे स्कॅन झाले. त्यातून माझ्यासारखा आणखी एक घडेल आणि पकडीत आवळला जाईल.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर झाले, तर आपल्या हातांवर विश्वास जरूर ठेवा; पण जिवंत हाडाला हात घालण्याआधी आमच्यापैकी एकाला मोडून बघा. भीती आम्हालाही वाटते. पण आमच्यासाठी दाराबाहेर कोणी उपाशी बसलेले नसते.